दोरी ओढल्यानंतरचे मिनिट

चाकणच्या आमच्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर, डोक्याच्या जरा वर, एक पिवळी दोरी लोंबते. काही वर्षांपूर्वी परदेशातील मुख्यालयाने तिच्यासोबत चाळीस पानांची कार्यपद्धती, प्रशिक्षणाच्या स्लाइड आणि मराठीतला फलकही धाडला होता. दोष दिसताच ऑपरेटरने दोरी ओढावी, असे त्यात लिहिले होते. तीन महिने झाले तरी दोरीच्या मुठीवरचे प्लॅस्टिक निघालेले नव्हते, आणि अहवालात कारण नोंदवले गेले, 'कामगारांचा बदलाला विरोध'. हे कारण लिहायला फार सोपे असते, म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा तो गैरहजेरी आणि संपांसाठी बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तिथेच 'नुम्मी' हा कारखाना सुरू केला आणि कामगार बहुतांशी तेच जुने, युनियनसह, परत घेतले. त्यांच्यातील शेकडो जणांना टोयोटाने जपानमधील ताकाओका कारखान्यात नेऊन प्रत्यक्ष लाइनवर उभे केले. तिथेही अशीच दोरी असते, आणि ती ओढली म्हणून लाइन लगेच थांबत नाही, हे दिसते. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचण्याआधी अडचण सुटली, तर काम चालूच राहते. जनरल मोटर्सला मात्र हीच पद्धत कॅलिफोर्नियातल्याच स्वतःच्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात रुजवता आली नाही. दोरी बसवता येते. धावत येणारा माणूस तिच्याबरोबर खोक्यातून येत नाही.

आमच्याकडे काय होते, ते पाहायला मी आठवडाभर लाइनवर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी एका ऑपरेटरने बोल्टचा आटा खराब वाटल्यावर दोरी ओढली. लांबून सुपरवायझरचा आवाज आला, "कोणी ओढली रे?" सगळ्या माना खाली गेल्या. वाईट माणूस नव्हता तो. टोयोटाकडे साधारण पाच-सहा जणांमागे एक टीम लीडर असतो, आणि याच्याकडे दोन लाइन मिळून बावीस माणसे होती. तो धावणार तरी किती? त्या ऑपरेटरला आटा कसा कळला, हे विचारल्यावर तो म्हणाला, "मशीनचा आवाज बदलतो, साहेब." ही गोष्ट त्या चाळीस पानांत कुठेही नव्हती, आणि ती मुख्यालयाला कळवण्याची वाटही कोणी आखलेली नव्हती.

पुढे आम्ही प्रत्येक लाइनवर अनुभवी ऑपरेटरांमधून दोन लीडर नेमले आणि पहिला प्रश्न "काय झालं, दादा?" असाच असावा, असे ठरवले. हे कंपनीच्या जागतिक नमुन्यात नोंदवायचे होते, पण त्यासाठी तिथे रकाना नव्हता. शेवटी ते 'इतर शेरे' या सदरात, आटा खराब असल्याच्या आवाजाच्या नोंदीखाली लिहिले.