तुम्ही विचारलंत म्हणून: एका स्पीकरला दोन ॲम्प जोडावेत का?

वास्तुशांत असो की बारसं, कुणाच्या घरी गेलो की यजमान मला हळूच हॉलच्या कोपऱ्यात नेतात, उभा स्पीकर वळवून त्याची पाठ दाखवतात आणि विचारतात, "याला दोनाऐवजी चार टर्मिनल दिलेत. बाय-ॲम्पिंग केलं तर आवाज सुधारेल का हो?" मी इलेक्ट्रॉनिक्समधला, त्यात कॉलेजात असताना मंडपवाल्याच्या साउंडवर रात्री जागवलेल्या, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. बाय-ॲम्पिंग म्हणजे एकाच स्पीकरच्या खालच्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळे ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, जोडणं. घरातल्या एकाच रिसीव्हरवरून (टीव्हीखालचा तो डबा, ज्याच्या आत प्रत्येक स्पीकरसाठी एक ॲम्प असतो) करणार असाल, तर नाही सुधारणार. पण नुसतं 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण तोवर वायर आणून झालेली असते. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्पीकरच्या पोटात कॉईल आणि कपॅसिटरचं एक क्रॉसओव्हर असतं. ते खालचे सूर वूफरकडे पाठवतं आणि वरचे ट्वीटरकडे. चार टर्मिनलवाल्या स्पीकरमध्ये या दोन वाटांची टोकं वेगवेगळी बाहेर काढलेली असतात आणि कंपनीतून येताना पितळी पट्ट्यांनी जोडलेली असतात. 7 चॅनेलचा, म्हणजे सात ॲम्पचा, रिसीव्हर 5.1 मांडणीला (पाच स्पीकर आणि फक्त खालच्या सुरांसाठी एक सबवूफर) वापरला की दोन चॅनेल रिकामे राहतात. पट्ट्या काढायच्या, मेन्यूत जाऊन ते रिकामे चॅनेल पुढच्या स्पीकरांच्या नावे करायचे आणि वूफरला एक, ट्वीटरला एक असे लावायचे. झालं बाय-ॲम्पिंग. (पट्ट्या तशाच ठेवून दोन्ही चॅनेल जोडलेत तर दोन ॲम्प एकमेकांना भिडतात. नशीब असेल तर रिसीव्हर प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नसेल तर रिपेअरवाल्याकडे.)

आता 100 अधिक 100 म्हणजे 200 वॅट झाले, असं सगळ्यांना वाटतं. रिसीव्हरचं झाकण उघडून बघा, ट्रान्सफॉर्मर एकच दिसेल. टाकी तीच, नळ दोन. शिवाय क्रॉसओव्हर स्पीकरच्या आतच राहिल्यामुळे दोन्ही ॲम्पना सगळा सिग्नल पूर्ण उंचीने पुढे ढकलावाच लागतो. ट्वीटरच्या ॲम्पकडून करंट कमी जातो, पण व्होल्टेजची मर्यादा जिथे होती तिथेच राहते. आणि समजा, वॅट खरोखर दुप्पट झाले, तरी पदरात पडतात 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बातम्या बघताना एक वॅटसुद्धा क्वचितच लागतो.

"पण आम्हाला फरक ऐकू आला!" येतो ना. माझ्या मेहुण्यालाही आला होता. शोरूममध्ये सांगितलं म्हणून त्याने चांगली जाड वायर आणून रविवारभर हे काम केलं आणि रात्री फोन केला, "दाजी, आवाज एकदम मऊ झालाय. जुन्या रेडिओसारखा!" पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्ही जरा बघाच. आठवडाभर टीव्हीतले सगळे रजईत तोंड घालून बोलतायत." मी ट्वीटरला कान लावला तर आत स्मशानशांतता. गड्याने पट्ट्या काढल्या होत्या, वायरीही बरोबर लावल्या होत्या, फक्त मेन्यूतलं सेटिंग बदलायचं राहिलं होतं. पुढच्या दोन स्पीकरांचे वरचे सूर बंद ठेवून तो सहा दिवस त्याला मऊपणा म्हणत होता. त्याला हसलो खरा, पण पैसे खर्च करून, पाठ मोडून वायरी ओढल्यावर माझ्या कानांनीही असेच दगे दिलेले आहेत.

मग हे बाय-ॲम्पिंग थोतांडच का? नाही, आणि इथेच खरा घोळ आहे. जत्रेत, वरातीत साउंडवाल्याची रॅक बघा. टॉपला वेगळा ॲम्प, बेसला वेगळा. पण तिथे क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी असतं. सिग्नल आधी वाटला जातो आणि मग वाढवला जातो. त्यामुळे ढोलाच्या ठोक्याला बेसचा ॲम्प फाटला तरी गाणाऱ्याचा गळा साफ राहतो, आणि टॉप थोडे टोचायला लागले तर तेवढेच खाली घेता येतात. आमचा मालक पहिल्या गाण्यालाच मैदानाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि तिथून हाताने खुणा करायचा, टॉप खाली, बेस वर. स्टुडिओतल्या बहुतेक पॉवर्ड मॉनिटरच्या आतही अशीच वाटणी असते. वाटणी आधी की नंतर, एवढाच तो फरक; पण त्यातच सगळं आलं.

गंमत म्हणजे ही आधीची वाटणी तुमच्या घरात आहेच. सबवूफरला स्वतःचा ॲम्प असतो. रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा, सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने ठरवलेला आकडाही हाच आहे. त्याखालचं ओझं सबकडे जातं आणि स्पीकरही मोकळे होतात, रिसीव्हरही. लोकांना 'स्मॉल' या शब्दाचाच अपमान वाटतो. एवढे कमरेइतके स्पीकर घेतले आणि स्मॉल कसं म्हणायचं?

आणि मुळात तक्रार काय असते ते विचारलं, तर दहातले आठ जण म्हणतात, डायलॉग कळत नाहीत. अहो, सिनेमातले डायलॉग येतात मुख्यतः मधल्या सेंटर स्पीकरमधून, आणि तुम्ही बाय-ॲम्प करताय डावा-उजवा! सेंटर जर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा, खाली रबराचा तुकडा घालून तोंड कानाच्या दिशेला वर करा, त्याची लेव्हल दोन डेसिबल वाढवा. मग हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. झणझण असा शेपटासारखा आवाज मागे राहिला, तर उघडी भिंत, काच आणि टाइल्स बोलतायत. जाड पडदा आणि एक जाजम त्यांना गप्प करतं. बेसचं दुखणं निराळं. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, तिथे पडद्याचं काही चालत नाही. सब किंवा सोफा हात-दीड हात सरकवून बघावा लागतो.

मेहुण्याकडे त्या रात्री पट्ट्या परत बसवल्या. सुटलेल्या वायरी गुंडाळताना लक्षात आलं की मागचे दोन स्पीकर टीव्हीच्याच बाजूला ठेवलेत. विचारलं तर म्हणाला, "सोफ्यामागे न्यायला वायर पुरत नव्हती, दाजी." मोजून बघितली. दोन्हीकडे पुरली, वर वीतभर उरली.