ठरलं की सांग

मंगळवार, रात्री पावणेबारा

"ठरलं की सांग."

माथेरानच्या सहलीबद्दल विनयनं दुपारी घरच्या ग्रुपवर एवढंच पाठवलं. खाली मुग्धाचा अंगठा, ताईचा अंगठा. सुमेधनं वाचलंय, पण बोललेला नाही. लोकलमध्ये, मग कणीक मळताना, मग अंथरुणावर पडल्यावरही तेच तीन शब्द. शेवटी उठून दिवा लावला.

त्यात वावगं काहीच नाही, हे कळतं. तरी लागलं. 'ठरलं' म्हणजे काय? दूध नासलं, पाऊस पडला, तसं ठरलं. कर्ताच नाही त्या वाक्यात. 'ठरवलंस की सांग' लिहिलं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं. त्यात निदान मी तरी असते.

माथेरानच तर आहे, दोन दिवसांचं. पण नऊ माणसं, दोन गावांहून, आणि वर गाडी जात नाही. महाबळेश्वरला चुकलं तर गाडी वळवता येते, लांब पडलेलं हॉटेलही चालून जातं. माथेरानला दस्तुरीच्या नाक्यावर इंजिन बंद होतं आणि तिथून पुढं प्रत्येक गोष्ट पायांनी मोजावी लागते. खाली केलेली चूक वर नेऊन पाठीवर वागवावी लागते.

तारीख आधी. डिसेंबरचा दुसरा शनिवार. जुलै-ऑगस्टला मुलांची हौस होती, पण पावसाळ्यात पायथ्याच्या नेरळपासून दस्तुरीजवळच्या अमन लॉजपर्यंतची रुळांवरची छोटी गाडी बंद असते, वर अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. शिवाय कड्यांवर शेवाळ आणि धुकं. पॉइंटवर उभं राहून पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. नाताळचा आठवडा नको, सोमवारला जोडून सुट्टी आलेला शनिवार-रविवार तर मुळीच नको. त्या दिवसांत दहा ते एकच्या दरम्यान नेरळच्या घाटात गाड्या एकामागे एक उभ्या राहतात, वरचा वाहनतळ भरला की रांग खाली सरकत येते. चढावर सतत थांबून पुन्हा उचलताना नवख्यांचा क्लच जळतो, आणि तशी एक गाडी आडवी झाली की सगळ्यांचाच दिवस गेला.

म्हणून स्वतःच्या गाड्या नाहीत. रेल्वे.

आता खरा पेच. सगळ्यांना वर जाताना छोट्या गाडीतून जायचंय. मलाही आवडलं असतं. दोन फुटांचे रूळ, एकवीस किलोमीटर, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, वाटेतला तो एकच बोगदा. आदमजी पीरभॉय घराण्यानं १९०४ ला काम काढलं आणि १९०७ ला गाडी वर पोचली. पण नेरळहून सकाळी गाड्या मोजक्याच, डबे चिमुकले, आणि तिकिटासाठी नेरळच्या खिडकीशी आधीपासून रांगेत उभं राहावं लागतं. शनिवारी पहिल्या गाडीच्या निदान तासभर आधी तिथं असायला हवं. डोंबिवलीहून ते जमेल, पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल धरली की पाऊण तास-पन्नास मिनिटं. पुण्याहून नाही जमत. ताईला कर्जतला थांबणारी गाडी घ्यायची, तिथं पोचायलाच दोन तास, मग उलट मुंबईकडची लोकल, भिवपुरी रोड आणि पुढचं नेरळ. ती येईतो खिडकीवर तिकिटं संपल्याचा फलक लागलेला असणार.

तेव्हा उलटं केलंय. वर जाताना टॅक्सी आणि शटल, येताना छोटी गाडी. जाताना तिकीट हुकलं तर सकाळ वाया जाते आणि तोवर घाट तुंबतो. येताना हुकलं तर काही अडत नाही. शटलनं अमन लॉज, तिथून टॅक्सीनं खाली, उलट तासभर वाचतो. अनिश्चित गोष्ट नेहमी अशा जागी ठेवायची की तिच्यामागे दुसरं काही अडकलेलं नसेल. आणि या रुळांवर सगळा बेत टांगू नये. घाटातली माती दर पावसाळ्यात सुटते. २००५ च्या जुलैत रूळ वाहून गेले ते २००७ ला पुन्हा सुरू झाले, २०१९ च्या पावसात गेले ते थेट ऑक्टोबर २०२२ ला. निघायच्या आठवड्यात गाडी चालू आहे का, हे दरवेळी विचारायचंच.

एवढं सगळं त्या तीन शब्दांच्या पोटात. यातलं कुणी काही विचारलं का? कुणी निदान म्हणालं का, पुण्याकडचं मी बघते? माझ्याकडं सवड जास्त आहे असं त्यांना का वाटतं, तेही एकदा

नाही, ते आज नको.

टॅक्सीचं बघते. नेरळ स्टेशनाबाहेर घाटाच्या टॅक्स्या लागतात, माणशी भाडं किंवा अख्खी गाडी. आपण नऊ, म्हणजे दोन गाड्या. आठ-नऊ किलोमीटर, वीस-पंचवीस मिनिटं, पण वळणं अशी की ओवीला उलटी होणार. अर्धा तास आधी गोळी, पोटात दूध नको, कोरडी पोळी-गूळ चालेल, आणि तिला पुढं बसवायचं. येतानाच्या छोट्या गाडीतही तेच. ती हळू जाते, पण वळणं तिथंही संपत नाहीत.

दस्तुरीला उतरलं की प्रवासी कर, रोख. नऊ जणांची एकच पावती. पावती हातात पडली की सुमेध आणि चिनूनं सामान न घेता सरळ अमन लॉजच्या खिडकीकडं सुटायचं. स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे. बाकीचे सामान घेऊन सावकाश. नाक्यावर कुणी ना कुणी सांगतंच, गाडी बंद आहे, स्टेशन फार लांब आहे, घोडा करा. ऐकून घ्यायचं, नम्रपणे नाही म्हणायचं आणि खिडकीपर्यंत जाऊन स्वतः बघायचं. त्या लोकांचं पोट त्यावर आहे, वाद घालू नये. घोडा करायचाच झाला तर दरफलक वाचून, कुठून कुठपर्यंत ते बोलून मगच बसायचं.

शटल मिळाली तर वीस मिनिटांत माथेरान स्टेशन, म्हणजे ऐन बाजारात. नाही मिळाली तर रुळांच्या कडेनं अडीच-तीन किलोमीटर, मुलांसकट पाऊण तास. रस्ता सावलीचा आहे, जांभूळ, हिरडा, अंजनी, वर बघत चाललं तर शेकरूही दिसतं. मुलांना चालणंच जास्त आवडेल.

काकूंना नाही. त्यांचा गुडघा.

त्यांच्यासाठी तीन वाटा लिहून ठेवल्यात. पहिली शटल. तीत उभं राहावं लागलं तरी वीस मिनिटंच. दुसरी ई-रिक्षा, डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून आल्या त्या, पण संख्या कमी आणि रांग मोठी, म्हणून भरवसा ठेवायचा नाही. तिसरा घोडा, जो काकू चढणार नाहीत. हातरिक्षा मी यादीत घेतलीच नाही. माणसानं माणसाला ओढणं काकूंनाच कधी सहन झालं नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. त्या ओढणाऱ्यांना आता ई-रिक्षा मिळाव्यात, एवढं मनापासून वाटतं.

सामान. हे ठळक लिहून सगळ्यांना पाठवायचंय: चाकांची बॅग आणू नका. लाल माती आणि दगडांत दोनशे पावलांत चाक निखळतं, मग ती बॅग उचलून न्यावी लागते आणि उचलायला ती बनवलेलीच नसते. पाठीवरची सॅक, माणशी पाच-सहा किलोच्या आत. पांढरे बूट नकोत, माती धुऊन जात नाही. कोरड्या दिवसांत घोड्यांच्या टापांनी धूळ उडते, तेव्हा भाऊजींचा पंप वरच्या कप्प्यात, सॅकच्या तळाशी नाही. खायचं काही हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. रात्री स्वेटर लागतो. वर नगरपरिषदेचा दवाखाना आहे, रुग्णवाहिकेला परवानगी आहे, पण मोठं दुखणं निघालं तर खालीच यावं लागतं. म्हणून प्रत्येकाची रोजची औषधं तीन दिवसांची. दोन दिवसांची नाहीत, तीन.

हॉटेलांना आज पाच फोन केले. विचारायचं ते ठरलेलं आहे, पण दर वेळी एखादं राहतंच. स्टेशनपासून चालत किती मिनिटं? 'जवळच' हे उत्तर नव्हे. दर खोलीचा की माणशी? शनिवारी बहुतेक ठिकाणी माणशी, जेवणासकट. मग मुलांचा किती, आणि गाद्या वाढवल्या तर वेगळे का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? खोली तळमजल्यावर मिळेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोली सोडायची कधी. वर बऱ्याच जागी ती सकाळी लवकर सोडावी लागते, आणि मग परतीच्या गाडीपर्यंत नऊ जणांचं सामान कुठं ठेवायचं हा प्रश्न येतो. सामान ठेवून घेतील का, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं. चौथ्या ठिकाणी तळमजल्याला आणि सामानाला, दोन्हीला 'हो' मिळालं. बाजारापासून आठ मिनिटं, तळमजला, अंगणात झाड. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. ते सांगायला तेव्हा कुणी नव्हतं.

पॉइंटांच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. घोडेवाले सात पॉइंट, बारा पॉइंट असे हिशेब सांगतात, आणि माणसं प्रत्येक कड्यावर पाच मिनिटं थांबून फोटो काढून पळतात. आपण दोनच वाटा घेऊ. शनिवारी जेवण, तासभर आडवं होणं, मग तीनला निघून शार्लोट तलाव, पिसरनाथाचं देऊळ, तिथून लॉर्ड्स, इको, आणि जमलं तर लुईझा. काकूंना तलावापर्यंतच यायचं असेल तर देवळाच्या पायरीवर बसायला छान जागा आहे. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो, ऊन उतरताना त्याच्या कडा एकेक करून वेगळ्या होतात. अंधार झाडीत लवकर शिरतो, म्हणून दोघांमागे एक बॅटरी. कड्याच्या अगदी टोकाला जांभा ठिसूळ असतो, वरून घट्ट दिसला तरी खालून पोखरलेला असतो. मुलांचा हात सोडायचा नाही, आणि मुग्धानं फोटोसाठी मागं सरकायचं नाही.

रविवारी पॅनोरमा, उगवतीला. बाजारातून पाचेक किलोमीटर, दीड तास धरायचा. सूर्य सातला, म्हणजे सव्वापाचला दाराबाहेर. माणशी एक लिटर पाणी, कारण वाटेतले ठेले तेव्हा उघडलेले नसतात. कोण येईल? विनय येईल. चिनू येईल, जर आदल्या रात्री दहाला झोपला तर. ताई हो म्हणेल आणि झोपून राहील, तिला उठवायचं नाही, वर्षभर ती सकाळी पाचलाच उठते.

इथं थांबले आणि कागद परत वरून वाचला.

ओवीची गोळी. भाऊजींचा पंप. सुमेध आणि चिनू पुढं पळणार, कारण दोघांना रांगेत बोलायला आवडतं. ताईची झोप. कुठल्या गावी काय बघायचं हे कुणालाही सापडेल. हे सापडणार नाही. अप्पांची ती निळी डायरी अशीच असायची, डाव्या पानावर गाड्या, उजव्या पानावर माणसं. आम्ही मागच्या सीटवरून विचारायचो, कधी पोचणार? एवढंच विचारायचो. त्यांनाही कधी

बरं. परतीचं लिहायचं राहिलं.

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, त्याचं पत्रक एक-दोन दिवस आधी येतं, ते शनिवारी पाहायचं. ब्लॉक दुपारी उठला तरी लोकल संध्याकाळपर्यंत रडतखडत चालतात. दुपारची छोटी गाडी खाली यायला दोन तासांहून जास्त लागतात. म्हणून ताईची पुण्याची गाडी कर्जतहून साडेसातच्या नंतरची हवी, त्याआधीची नको, आणि तिचं आरक्षण उद्याच करायला हवं. दुपारी साडेबाराला जेवण, दीडला माथेरान स्टेशनच्या खिडकीशी मी आणि विनय. बाकीचे चिक्की घ्यायला. अडीचपर्यंत तिकीट हातात नसेल तर वाट बघायची नाही, शटलकडं वळायचं.

विनयला दुपारच्या निरोपाचं आत्ता उत्तर लिहिलं: "पुणे ते कर्जत जाताना-येताना तू बघ. येतानाची गाडी साडेसातनंतरचीच. ताईला खिडकीची जागा." तो जागाच होता. लगेच "करतो" आलं. मग मिनिटभरानं, "आणि काकूंचं काय ठरलं?"

तिन्ही वाटा त्याला लिहायला घेतल्या. शटल, ई-रिक्षा, घोडा. तळमजला. देवळाची पायरी. अर्धं लिहून झाल्यावर थांबले. काकूंना अजून कुणी फोनच केलेला नाही. त्यांना यायचंय का, त्यांचा गुडघा किती चालतो, शटलमध्ये उभं राहायची त्यांची तयारी आहे का, की त्या घोड्यावर बसायला हौसेनं तयार आहेत. सगळं मीच धरून चाललेय.

लिहिलेलं पुसलं. "उद्या सकाळी विचारते," एवढंच पाठवलं.

साडेआठला फोन करीन, त्यांची पूजा आटोपलेली असते. कागद समोर घेऊन बसणार नाही.