सराफ्याचे ओटे

इंदूरचा सराफा पाहायचा असेल तर भूक लागल्यावर नव्हे, त्याच्या थोडे आधी, सोन्याचांदीची दुकाने बंद होण्याच्या सुमारास तेथे पोहोचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. होळकरांच्या सातमजली राजवाड्यापासून पायी काही मिनिटांवर असलेली ही गल्ली दिवसा सराफांची पेठ असते आणि रात्री खाऊगल्ली होते, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. पण हा पालट डोळ्यांदेखत होताना पाहण्याची मौज नंतरच्या गर्दीत हाती लागत नाही.

रात्री आठनंतर एकेक शटर खाली येऊ लागते. कुलूप लागते न लागते तोच त्याच दुकानाच्या ओट्यावर शेगडी येते, पाठोपाठ कढई येते, आणि जेथे दुपारी हारांची पारख चालली होती तेथे कणसांचा ढीग रचला जातो. या जुन्या सोयीचे कारण असे सांगतात की, गल्ली मध्यरात्रीनंतरही जागी राहिल्यामुळे बंद दुकानांतील ऐवजाला आपसूक राखण मिळते. हे कारण मूळचे असो वा मागाहून जोडलेले, सराफाला फुकटचा पहारा आणि हलवायाला मोक्याची जागा, हा व्यवहार चोख आहे.

खाण्यात माझा पहिला मान भुट्ट्याच्या किसाला. कोवळा मका किसून तो तुपात, हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर परततात आणि मग दूध घालून आटेपर्यंत शिजवतात. कढईच्या कडेला धरलेली खरपूड उलथन्याने खरवडून पुन्हा मधल्या मऊ किसात मिसळली जाते, त्यामुळे एकाच घासात गोडसर दुधाळपणा आणि भाजल्याची चव दोन्ही येतात. वर लिंबू पिळलेले असते, म्हणून तो जड वाटत नाही. हिवाळ्यात गेलात तर गराडू चुकवू नये. या कंदाच्या तळलेल्या फोडींवर जिरावण नावाचा माळव्याचा मसाला भुरभुरतात आणि त्या गरम असतानाच खायच्या असतात.

दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याचा खेळही येथे प्रसिद्ध आहे. खेळ सफाईचा आहे, यात वाद नाही. मात्र तो मोबाइलमध्ये टिपण्यासाठी थांबलेल्यांमुळे आधीच अरुंद असलेली वाट इतकी तुंबते की, मागच्या माणसाला वड्याचे दर्शनही होत नाही. मध्यंतरी नूडल्स आणि मोमोही येथे मिळू लागले होते. ते कोठल्याही शहरात मिळत असल्यामुळे, दिसलेच तरी त्यांच्यासाठी पोटात जागा अडवू नये.

गोडाकडे शेवटी वळावे. जलेबा हा नावाप्रमाणेच जिलबीचा थोरला भाऊ असून तो एकट्याने मागवण्याचे धाडस करू नये. सोबत कोणी नसेल तर मावाबाटी, म्हणजे खव्याचा तळून पाकात मुरवलेला गोळा, घ्यावी; तीही अर्ध्यावरच पुरे वाटू लागते.