तुम्ही विचारलंत म्हणून : डबी वाजते

बेघर असलेल्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या रुग्णांसाठी मी समुपदेशनाचे काम करते, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘गोळ्या हातात मिळतात, तरी ही माणसे त्या नियमित घेत का नाहीत?’ पुष्कळ जण घेतात, हे आधी ऐकून घ्या. हिपॅटायटिस सी आता 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो आणि पदपथावर झोपणारेही तो उपचार पुरा करतात. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र जन्मभर घ्यायच्या, म्हणजे जन्मभर कुठेतरी सांभाळायच्या.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत बांधून आतल्या खिशात ठेवत. दमटपणाने औषध बिघडते, ते मूळ डबीतच ठेवायचे, असे मी त्यांना बजावले, जरा रागानेच. ‘डबी वाजते,’ ते म्हणाले. रात्री कूस बदलली की शेजारचा विचारतो, काय आहे. मी म्हटले, कापूस भरा. त्यांनी मुकाट्याने भरला. लेबल मात्र मी काढू दिले नाही. महिन्याभरात कुणीतरी ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अंथरूण व पाणी प्यायचे भांडे रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवलेले होते. त्यांच्या रक्तातला विषाणू तेव्हा चाचणीत सापडण्याइतकाही उरला नव्हता, शरीरसंबंधातूनसुद्धा तो कुणाला झाला नसता. आमच्या नोंदवहीत तर ते उत्तम रुग्ण होते.

त्याच आठवड्यात मी जागतिक आरोग्य संघटनेची, जीवनमान मोजणारी 26 प्रश्नांची प्रश्नावली घेऊन त्यांच्यासमोर बसले. ‘राहत्या जागेबाबत तुम्ही किती समाधानी आहात?’ त्यांनी विचारले, ‘कालच्या की आजच्या?’ मी 2, म्हणजे ‘असमाधानी’, या आकड्याभोवती गोल केला, कारण काहीतरी भरणे भाग होते. त्यानंतर ते गोळ्या न्यायला आले नाहीत.

डबीचा नियम चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पूर्वी मी ‘यांना शिस्त नाही’ असेही म्हणत असे. ते आता तोंडून निघत नाही. पण डोक्यावर छप्पर आले की सारे सुटेल, असे म्हणायलाही मी तयार नाही, कारण भरल्या घरात डबी लपवणारे रुग्णही माझ्याकडे येतात. हल्ली कुणी पुडी आणली तर ती कोरडी आहे ना, एवढेच पाहते आणि नोंदवहीत ‘डबी’ असे लिहिते.