तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात शूर योद्धा कोण?

प्राचीन ग्रीसवर कुठेही बोलायला गेलो की शेवटी हा प्रश्न येतोच. अकिलीस, लिओनिडास की सिकंदर? विचारणारा शाळकरी मुलगा असो की नुकतेच निवृत्त झालेले काका, डोळ्यांपुढे चित्र एकच असतं: ढाल, भाला आणि शिरस्त्राणावर तुरा. त्यामुळे माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. माझ्या लेखी तो मान इ.स.पू. ४८०मध्ये इराणी आरमाराविरुद्ध झालेल्या सॅलमिसच्या लढाईत गलबताच्या तळाशी बसून वल्हं मारणाऱ्या अथेन्सच्या गरीब माणसाचा आहे. त्याच्या हातात भाला नव्हता आणि ढाल विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती.

तो बसायचा कुठे, हे आधी बघा. ट्रायरीम हे सुमारे ३७ मीटर लांबीचं, अरुंद लढाऊ गलबत. त्यात १७० माणसं एकावर एक अशा तीन रांगांत बसत: वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि खालच्या रांगेत ५४-५४. माणशी एक वल्हं. सगळ्यात खालचा माणूस पाण्याच्या पातळीच्या जरासाच वर असे. त्याचं वल्हं ज्या भोकातून बाहेर जाई, त्यातून पाणी आत येऊ नये म्हणून तिथे चामड्याची पिशवी घट्ट बसवलेली असे. हवा नाही, उजेड नाही, वरच्यांचा घाम अंगावर. १९८७ साली ग्रीक नौदलाने ‘ऑलिंपियास’ नावाची ट्रायरीमची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाण्यात उतरवली, तेव्हा हौसेने वल्ही मारायला आलेल्या माणसांना या खालच्या बाकांचा अर्थ कळला. मधून ओरडून दिलेली आज्ञा गलबताच्या दोन्ही टोकांपर्यंत नीट पोहोचतही नव्हती.

थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने एका ठिकाणी वल्हेकऱ्याचं सामान सांगितलंय. इ.स.पू. ४२९मध्ये पेलोपोनेशियन (म्हणजे स्पार्टाच्या बाजूचे) खलाशी अथेन्सच्या बंदरावर छापा घालायला कॉरिंथहून मेगाराच्या बाजूला पायी निघाले, तेव्हा प्रत्येकाजवळ स्वतःचं वल्हं, बुडाखाली घ्यायची गादी आणि वल्हं अडकवायची वादी होती. बस, एवढंच. ही त्यांची शस्त्रास्त्रं. मला तर होमरच्या पानभर वर्णन केलेल्या ढालीपेक्षा ही गादी जास्त बोलकी वाटते.

आता मुद्द्याचं सांगतो. वल्हं मारणारा माणूस गलबताच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. म्हणजे तो शत्रूवर चाल करून जातो, ती पाठ करून. खालच्या दोन रांगांना तर बाहेरचं काहीच दिसत नाही. ट्रायरीमचं खरं हत्यार म्हणजे नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, पाण्याच्या पातळीला बसवलेली कांस्याची सोंड. ती पूर्ण वेगाने शत्रूच्या कुशीत घुसवायची, आणि धडक बसताक्षणी उलटी वल्ही मारून बाहेर काढायची. उशीर झाला तर दोन्ही गलबतं एकमेकांत अडकतात आणि समोरचे सैनिक उड्या मारून आत येतात. त्यातच तिसरं गलबत कुशीवर येऊन आदळलं तर खालच्या रांगेतल्याला वर यायलाही वाट नाही. हे सगळं ठाऊक असताना, काहीही न दिसता, १७० जणांनी एकाच ठेक्यात हात चालवायचे. ढाल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला निदान समोरून येणारा भाला दिसतो.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, ‘पण ते तर साखळदंडात बांधलेले गुलाम होते ना?’ नाही. ते चित्र फार नंतरच्या काळातलं आहे. अथेन्सच्या गलबतांवर साखळदंड नव्हते. पुढच्या काळात पगारी परदेशी आले, काही गुलामही आले, पण सॅलमिसला वल्ह्यांवर मुख्यतः नागरिक होते, आणि त्यांतले बहुतेक सर्वांत खालच्या वर्गातले मजूर आणि कारागीर. अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वी अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरियनच्या खाणीत चांदी सापडली होती आणि ती प्रत्येकी १० द्राख्मा (चांदीची नाणी) अशी वाटून घ्यायचा बेत होता. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने नागरिकांच्या सभेला पटवलं की वाटणी नको, गलबतं बांधू. घरात चार पैशांची चणचण असलेल्या माणसांनी त्याला होकार दिला. मग इराणचा सम्राट झर्क्सिस आला, तेव्हा अख्खं अथेन्स रिकामं केलं गेलं. बायकामुलं पलीकडे पाठवली, मागे शहर जळालं, आणि ही माणसं बाकांवर जाऊन बसली.

इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, सॅलमिसला अथेन्सची १८० गलबतं होती. १८० गुणिले १७०, म्हणजे तीस हजारांवर वल्हेकरी. दहा वर्षांपूर्वी इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनच्या मैदानात उतरलेलं अथेन्सचं भालाईत सैन्य होतं दहा हजारांच्या आसपास. इराण्यांना अडवताना पडलेले थर्मोपिलीचे ३०० स्पार्टन तर जगाला पाठ आहेत. (त्यांच्याबरोबर मरेपर्यंत लढलेल्या थेस्पियाच्या ७०० जणांना कोणी विचारत नाही, हे दुःख वेगळंच.) पण हिरोडोटसने सॅलमिसला पहिली धडक देणाऱ्या कप्तानाचं नाव दिलंय, पलेनीचा अमेनियस. त्याच्या गलबतावरच्या १७० जणांपैकी एकाचंही नाव त्यात नाही.

असं का झालं, याचं कारण मला सरळ दिसतं. लिहिणारे होते ते स्वतःची ढाल-चिलखत विकत घेऊ शकणाऱ्या वर्गातले किंवा त्याहून वरचे. त्यांच्या मते शौर्य म्हणजे रांगेत पाय रोवून उभं राहणं. तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ (कायदे) या ग्रंथात तर सरळ म्हटलंय की ग्रीकांना वाचवलं ते मॅरेथॉन आणि प्लाटियाच्या जमिनीवरच्या लढायांनी, आणि सॅलमिससारख्या समुद्रावरच्या लढायांनी माणसं काही चांगली झाली नाहीत. प्लेटोविषयी आदर राखून सांगतो, हा अन्याय आहे. त्याच्यापेक्षा लोकशाहीचा एक अनाम विरोधक जास्त प्रामाणिक निघाला. त्याला गरिबांचं राज्य मुळीच मान्य नव्हतं, तरी त्याने लिहून ठेवलं की गलबतं चालवतात ते हेच लोक, नगराची ताकद यांच्यामुळे, तेव्हा यांना अधिकार मिळणं रास्तच आहे. वल्ह्याने आलेला हा अधिकार पुढच्या पन्नास वर्षांत अथेन्सच्या कायद्यांत उतरला.

त्याचं एक भीषण रूपही आहे आणि ते मी लपवत नाही. इ.स.पू. ४०६मध्ये स्पार्टाच्या आरमाराविरुद्धची आर्गिनुसाईची लढाई अथेन्सने जिंकली, पण २५ गलबतं गेली. फुटलेल्या फळ्यांना धरून तरंगणाऱ्या माणसांना वादळामुळे उचलता आलं नाही. नागरिकांच्या सभेने आठ सेनापतींना एकत्रच दोषी ठरवलं, आणि हाती लागलेल्या सहा जणांना ठार केलं. सगळ्यांचा निवाडा एकाच मताने करणं बेकायदा आहे म्हणून त्या दिवशी सॉक्रेटिस विरोधात उभा राहिला, आणि त्याचंच बरोबर होतं. खटला अन्यायाचाच होता. पण तो राग कुठून आला होता तेही बघा. कुठल्या दुसऱ्या राज्यात तळाच्या बाकावरचा माणूस बुडाला म्हणून विजयी सेनापतीला जाब विचारला गेला असता? आणि त्या आरमारासाठी माणसं कमी पडली तेव्हा गुलामांनाही वल्ह्यांवर बसवलं होतं. जे लढून परत आले, त्यांना अथेन्सने स्वातंत्र्य दिलं आणि नागरिकांच्या बरोबरीने हक्कही दिले.