वॉटरलू स्ट्रीटवरचा कौल

सिंगापूरच्या वॉटरलू स्ट्रीटवरचं क्वान इम मंदिर १८८४ सालचं. देवी करुणेची, पण गर्दी मुख्यतः कौलासाठी! उंबरठ्यावर पाय न देता ओलांडून आत जा. फोटोंना मनाई आहे.

गुडघ्यांवर बसून एकच प्रश्न मनात धरायचा. आकडे लिहिलेल्या काड्यांचं नळकांडं थोडं पुढे झुकवून, एक काडी बाहेर पडेपर्यंत हलवायचं. फार झुकवलं की दोन-तीन एकदम सांडतात. मग पुन्हा सुरुवात. नंतर हीच काडी बरोबर का, हे विचारायला चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकायचे. एक सपाट, एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर म्हणजे नकार. दोन्ही सपाट, तर देवी हसली, प्रश्न नीट विचारा! होकार मिळाला तरच काडीवरच्या आकड्याची, कौल लिहिलेली चिठ्ठी घ्यायची.

शेजारच्या कृष्णमंदिराबाहेर चिनी भाविक उदबत्त्या लावतात, तेही बघाच.