काळी तीन

रात्रीचा एक वाजून गेलाय. ऑर्गन बंद करून तास झाला तरी खोलीत तापलेल्या जुन्या धुळीचा वास आहे.

झोप न यायचं कारण इतकं क्षुल्लक आहे की माधवला सांगितलं तर तो हसत सुटेल. एक पट्टी वाजली. जी वाजत नाही म्हणून मला हा जुना, विजेवरचा ऑर्गन कमी पैशात मिळाला, ती वाजली.

क्रमाने लिहिते, म्हणजे नक्की कुठे ओशाळायचं ते तरी कळेल.

ऑर्गन विकणाऱ्या बाईंनी दार उघडलं तेव्हा ऑर्गनवरची चादर काढून, घडी करून बाजूला ठेवलेली होती. "बघा सावकाश," म्हणाल्या आणि दारापाशीच उभ्या राहिल्या. मी तयारीने गेले होते. गेले तीन महिने दुसरं वाचलंय काय! आधी नुसता चालू करायचा आणि काहीही न दाबता ऐकायचं. मोठी घूं ऐकू आली तर वीजपुरवठ्यातले कपॅसिटर वाळलेत असं समजायचं. घूं होती, पण चालवून घेण्यासारखी. मग आवाज कमी-जास्त करायचं पेडल. १९६०-७०च्या दशकांतल्या बऱ्याच ऑर्गनांत या पेडलच्या आत एक चिमुकला दिवा आणि त्याचा प्रकाश ओळखणारा एक भाग असतो, मध्ये पडदा सरकतो. दिवा गेला की धडधाकट ऑर्गनसुद्धा मुका होऊन बसतो, आणि लोक तो भंगारात काढतात. इथला दिवा शाबूत होता. मग वरच्या रांगेतल्या ४४ पट्ट्या, खालच्या ४४, पायातली १३ पेडलं. एकेक, डावीकडून उजवीकडे. त्याला वाजवणं म्हणत नाहीत. दात मोजत होते मी.

खालच्या रांगेत मधल्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, मुकी निघाली.

आता इथे पळवाट न काढता लिहायचं. या जातीच्या ऑर्गनमध्ये सगळ्यात वरचे बारा स्वर तयार होतात आणि खालची सप्तकं त्यांचीच कंपनं निम्मी-निम्मी करत काढलेली असतात. काळी तीन सगळ्याच सप्तकांत गेली असती तर बिघाड स्वर जिथे तयार होतो तिथला, आणि मग जुन्या सुट्या भागांसाठी वणवण. पण एकच पट्टी मुकी असेल तर बहुतेक वेळा तिच्याखालच्या तारेवर मळ बसलेला असतो, बाकी काही नाही.

आणि ते "बहुतेक"सुद्धा मी शिल्लक ठेवलं नव्हतं. ८ फुटी टॅब, म्हणजे आवाज निवडायची कळ, बंद करून ४ फुटी दाबला आणि एक सप्तक खालची काळी तीन धरली. (हे फूट म्हणजे नळ्यांच्या ऑर्गनमधल्या नळीची लांबी. नळी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो. इथे नळ्या नाहीत, नावं तेवढी राहिली.) म्हणजे मुक्या पट्टीतून जो स्वर यायला हवा होता तोच, त्याच उगमातून, दुसऱ्या दाराने मागितला. आला. स्वच्छ, गोल, बासरीसारखा. आणि मी ४ फुटी टॅब पटकन बंद केला.

ते पटकन मला छळतंय.

"ही गेलीय," मी म्हणाले. "दुरुस्तीला किती जाईल, सांगता येत नाही." चेहरा एक्स-रे उजेडात धरलेल्या डॉक्टरासारखा. वाक्य तसं खोटं नव्हतं, सांगता येत नव्हतंच. असं मी येताना गाडीत स्वतःला चार वेळा सांगितलं.

बाई म्हणाल्या, "ती तशीच आहे. बरीच वर्षं. हे ती टाळून वाजवायचे."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच आकडा खाली आणला. घासाघीस करावीच लागली नाही. केली असती तर आज जरा बरं वाटलं असतं, निदान भांडून मिळवलं म्हणता आलं असतं.

खरं तर मला हा नकोच होता. मला हॅमंड कंपनीचा ऑर्गन हवा होता. १९३५ साली बाजारात आला तो, ज्यात ट्रान्झिस्टर नाहीत, दातेरी लोखंडी चाकं फिरतात आणि प्रत्येक चाक एक स्वर काढतं. त्यांच्या बी-थ्री या मॉडेलमध्ये तसली ९१ चाकं आहेत. शेजारी लेस्लीचा स्पीकर, ज्याच्या आतला कर्णा गरागरा फिरतो म्हणून आवाज जवळ येतो, लांब जातो. मनात तो वाजवून झालाय माझा कितीदा तरी. पण बाक आणि पेडलांसकट तो दोनशे किलोच्या घरात जातो, आणि त्यातली मोटर विजेच्या कंपनांशी बांधलेली. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला नग आपल्या ५० हर्ट्झवर लावला तर अख्खं वाद्य तीन अर्धस्वरांहून किंचित जास्तच खाली बसतं. हे सगळं पाठ असूनही माझ्या वाट्याला आलं ते दिवाणखान्यातल्या कपाटासारखं दिसणारं, तपकिरी, कुणालाच नको असलेलं धूड. १९६० आणि ७०च्या दशकांत लोकांनी हौसेने हप्त्यावर घेतली ही. मग ८०च्या दशकात काखेत मारून नेता येतील असे कीबोर्ड आले आणि ही तिथल्या तिथे म्हातारी झाली. आता पुष्कळ जण म्हणतात, पैसे नकोत, फक्त घेऊन जा.

म्हणजे आयुष्यात एकदा काही हवंसं मागितलं, तर त्याच्या धाकट्या, जाड्या चुलतभावाशी गाठ पडली. तीही या वयात. बोटं आखडलेली. नानांना हे कळलं असतं तर...

जाऊ दे.

सुधाला अजून सांगितलेलं नाही. त्या भिंतीसाठी तिच्या मनात वेगळं होतं.

तर काल तो आला. माधव आणि त्याच्या मित्राने आणला, माधवची कंबर आज धरलीय. आज संध्याकाळी सगळं पांगल्यावर मी बसले. कॉन्टॅक्ट क्लीनर आणायचा होता, प्लग काढून मागची फळी उघडायची होती. प्रत्येक पट्टीखाली केसासारख्या बारीक तारा असतात. पट्टी दाबली की त्या आडव्या दांडीला टेकतात आणि स्वर सुटतो. तिथे साचलेला मळ पुसायचा, एवढंच काम. पण त्याआधी म्हातारे कारागीर म्हणतात ते करून बघावं म्हटलं: नुसती पट्टी भराभर दाबायची. घासून घासून तार स्वतःच साफ होते.

दहा वेळा काही नाही. वीस वेळा काही नाही. तिशीच्या आसपास खर्र झालं. मग तुटक, खोकल्यासारखा स्वर. मग मध्येच गेला. आणि मग एकदम आला तो आलाच.

पाच मिनिटंही लागली नाहीत. बाईंच्या घरी लागली असती तरी पाचच लागली असती. तेव्हा मी पट्टी दोनदा दाबून हात काढून घेतला होता.

दिव्याखाली वाकून बघितलं. शेजारच्या पांढरी पाचची कड झिजून मऊ झालीय, बोटाएवढा भाग निस्तेज. पांढरी चारचं तेच. मधली काळी तीन मात्र कोरी करकरीत, कडा धारदार, आणि बुडाशी धुळीची राखाडी रेघ. वर्षानुवर्षं बोट तिच्यावरून उडी मारून गेलंय. वाजत नाही म्हणून ते दाबत नव्हते, आणि दाबत नव्हते म्हणून मळ तिथेच बसून राहिला.

बाईंना हे सांगायचं? वरचे पैसे परत द्यायचे तर कारण सांगायला लागेल. कारण सांगितलं की त्या विचारणार, इतकी सोपी गोष्ट होती? आणि मग तो माणूस इतकी वर्षं उगीचच उड्या मारत होता, हे मी माझ्या तोंडाने सांगायचं? नाही, हे बरोबर नाही वाटत. आणि हे बरोबर न वाटणं माझ्या किती सोयीचं आहे, तेही मला दिसतंय. इतकी काही मी खुळी नाही.

मग जरा वाजवून बघितलं, कारण रडण्यापेक्षा ते बरं. उजवा हात वर, डावा खाली, डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजावर. चौघांची चार मतं. डाव्या पायाला न बघता खर्ज शोधायचा असतो, तो दर वेळी शेजारच्या घरात जाऊन दार वाजवतो. मग तालाची कळ दाबली. रुंबा. चिक-टक, चिक-टक, झोपेत चालणाऱ्या घोड्यासारखा. त्या घोड्यावर मी तीन स्वरांची एक धून अकरा वेळा पाडली. बाराव्यांदा स्वतःचंच हसू फुटलं. हॅमंडवर मी याहून वेगळं काय करणार होते? हेच, पण दोनशे किलोंवर बसून. या कपाटाचं आणि माझं जमेल असं दिसतंय. दोघंही चालू केल्यावर आधी थोडा वेळ घूं करतो.

नऊ वाजता बाईंचा फोन आला होता, हे अजून लिहिलंच नाही.

नोटेशन ठेवायची फळी त्यांच्याकडेच राहिली, भिंतीला टेकवलेली. मी म्हटलं, रविवारी येऊन नेते. मग त्या म्हणाल्या, "वाजतंय ना सगळं?"

मी म्हणाले, "हो."

"सगळं?"

काळी तीन माझ्या बोटाखालीच होती. ऑर्गन चालू होता. दाबली असती तर फोनवर त्यांना ऐकू गेली असती.

"एक सोडून," मी म्हणाले.

"तीच ना!" बाई म्हणाल्या. आवाजात काय होतं ते मी चार तास शोधतेय. हसल्या बहुधा. "यांनी मला दाखवलं होतं कसं टाळायचं ते. रविवारी याल ना, तेव्हा सांगते. सोपं आहे."

हो म्हटलं. या म्हणाल्या. फोन ठेवला.

रविवारला अजून चार दिवस आहेत. हेडफोन लावून आत्ता पुन्हा एकदा दाबून आले. वाजते.